समासातली लाल शाई

इंग्रजीच्या तासाला वही उघडली की पहिलं काम पट्टीचं. डाव्या कडेपासून दोन बोटं जागा सोडायची, पेन्सिलीनं उभी रेघ मारायची, आणि रेघेच्या डावीकडे प्रश्नाच्या क्रमांकाखेरीज एक अक्षर लिहायचं नाही. “ती जागा माझी,” असं इंग्रजीच्या बाई सांगत. आम्ही तिला समास म्हणायचो, बाई मार्जिन म्हणत. नववीत असताना बाईंनी या एका शब्दावर अख्खा तास घालवला. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहा, असा निरोप आला तेव्हा मला सगळ्यात आधी तो तास आठवला.

बाई महिन्यातून एकदा पाठ्यपुस्तकाबाहेरची कविता फळ्यावर लिहून देत. त्या दिवशी वर्ड्सवर्थची डॅफोडिल्सची कविता होती. तळ्याच्या मार्जिनला लागून पिवळ्या फुलांची न संपणारी रांग, अशी त्यात एक ओळ आहे. आमच्या वर्गातली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, तळ्याला मार्जिन कसं असेल? ते तर वहीला असतं.”

बाईंनी कविता तिथंच थांबवली. लॅटिनमध्ये मार्गो म्हणजे कड, काठ. षष्ठीत त्याचं मार्गिनिस होतं, आणि त्यातूनच इंग्रजीतला मार्जिन आला, असं त्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं. कशाचीही कड असली तरी तो शब्द चालायचा, कागद त्यातला फक्त एक. मग त्यांनी जे विचारलं ते मला शब्दशः आठवतं : “आपण नदीचाही काठ म्हणतो आणि लुगड्याचाही काठ म्हणतो. आपल्याला चालतं, मग त्यांना का चालू नये?”

ती ओळ कवितेत मागाहून आली, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचनात सापडलं. वर्ड्सवर्थनं ती फुलं १५ एप्रिल १८०२ ला अल्सवॉटर तळ्याकाठी पाहिली. कविता १८०७ मध्ये छापली. पण मार्जिनची ओळ ज्या कडव्यात आहे ते कडवं त्यानं १८१५ च्या आवृत्तीत घातलं. बाईंना हे सांगायचं राहून गेलं.

त्या तासाचा खरा आनंद पुढं होता. इंग्रजीतला मार्क हा मार्जिनचा चुलत भाऊ, असं बाई म्हणाल्या. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ सीमा. सीमा दाखवणारी खूण, मग कुठलीही खूण, आणि तिथून पुढं परीक्षेतले आमचे मार्क. डेन्मार्क या नावात तोच शब्द आहे, डेन लोकांच्या सीमेवरचा मुलूख. इतिहासाच्या पुस्तकात दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या वेळचा गव्हर्नर जनरल मार्क्विस वेलस्ली होता ना, त्याच्या पदवीचा मूळ अर्थही सीमेवरच्या मुलखाचा सरदार. “म्हणजे मी तुमच्या मार्जिनमध्ये मार्क लिहिते, तेव्हा फार दिवसांनी दोन भावंडं भेटतात,” असं त्या म्हणाल्या आणि तास संपला. त्या दिवसापासून माझ्या लेखी शब्दांनाही घराणी असतात.

बारावीत फ्रेंच गणिती फर्माचं प्रमेय वाचलं तेव्हा बाईंची फार आठवण झाली. १६३७ च्या सुमारास फर्मानं डायोफँटस या प्राचीन ग्रीक गणितीच्या ग्रंथाच्या आपल्या प्रतीत, समासात, लिहून ठेवलं की याची सुंदर सिद्धता मला सापडली आहे, पण ती मावेल एवढा हा समास नाही. त्याच्या लॅटिन वाक्यात ‘मार्गिनिस’ हेच रूप आहे, बाईंनी फळ्यावर लिहिलेलं. १९९५ मध्ये अँड्र्यू वाइल्स यांची सिद्धता छापून आली आणि तिला शंभराहून जास्त पानं लागली, ही बातमी वाचली तेव्हा मी नोकरीला लागलो होतो.

नोकरी बँकेत, कर्ज विभागात. तिथं मार्जिन रोज हाताखालून जातं. घराच्या किमतीतला जो भाग बँक देत नाही, कर्जदारानं स्वतःच्या पदरचा घालायचा असतो, ते मार्जिन. तीस लाखांपर्यंतच्या घरकर्जात तो निदान १० टक्के असावा लागतो. तोच शब्द नफ्याला, तोच शेअर बाजारात. इंग्रजी शब्द ऐकून माणसं गोंधळतात. मी त्यांना सांगतो, डावीकडची दोन बोटं जागा तुमची, उरलेलं पान बँकेचं. लगेच कळतं.

एक अर्थ मात्र मला कुणाला समजावून सांगायची वेळ येऊ नये असं वाटायचं. पीककर्जाच्या फॉर्मवर शेतकऱ्याचा वर्ग लिहायचा असतो. एक हेक्टरहून कमी जमीन असेल तर इंग्रजीत ‘मार्जिनल’, मराठीत अत्यल्पभूधारक. माझ्या वडिलांची जमीन दोन एकर होती. त्या दोन एकरांवर आम्ही चार भावंडं शिकलो. आमच्या घरी बांध हा शब्द होता, आणि बांधाच्या आत जे काही होतं ते आमचं सगळं जग होतं. ते सगळं जग कुणाच्या तरी पानाच्या कडेला मांडलेलं आहे, हे मला त्या फॉर्मनं सांगितलं. आजही तो रकाना भरताना माझा हात क्षणभर थांबतो.

मराठीत समास शब्दाचे तीन संसार आहेत. व्याकरणातला तत्पुरुष-बहुव्रीही, वहीतला कोरा, आणि दासबोधातला, जिथं दर दशकाचे दहा समास. एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात समर्थांनी कसं लिहावं ते सांगितलंय. भोवती जागा सोडावी, मधेच लिहावं, म्हणजे कागद झडला तरी अक्षराला धक्का लागत नाही. समासाचं याहून नेमकं कारण मी कुठं वाचलेलं नाही.

गेल्या महिन्यात गावाकडच्या पेटीतून नववीची निबंधाची वही निघाली. जत्रेवरचा निबंध आहे. त्यातली चार वाक्यं मी गाईडमधून उतरवली होती. बाईंनी ती ओळखली आणि समासात लाल शाईनं लिहिलं : “हे गाईडमधलं. तू पाहिलेलं लिही.” पुढच्या आठवड्यात मी तो निबंध पुन्हा लिहिला, त्यात आमच्या आत्याचं बांगड्यांचं दुकान आलं, आणि वर्गात तो बाईंनी वाचून दाखवला. बाई आता नाहीत.

कसरीनं वहीची डावी कड पार खाल्ली आहे. मधलं माझं अक्षर शाबूत आहे, गाईडमधल्या चार वाक्यांसकट. बाईंच्या शेऱ्यातलं ‘लेलं लिही’ एवढंच उरलं आहे. प्रदर्शनात ठेवण्यासाठी वही समितीकडे दिली आहे. पाहणाऱ्यांना एकच विनंती, पान उलटताना ते डावीकडून धरू नये.