तुम्ही विचारलंत म्हणून: ॲलन शोअरला वकील म्हणायचं का?

"तुम्ही रोज कोर्टाच्या कागदांत असता, मग तुम्हाला 'बॉस्टन लीगल' बघवतं तरी कसं? खरा वकील असा असतो का?" हा प्रश्न इतक्या वेळा आलाय की समोरच्याने सुरुवात केली की उरलेला मीच पुरा करते. विचारणाऱ्यांनी मालिका पाहिलेली असते, काहींनी दोनदा. न पाहिलेल्यांसाठी एवढंच: बॉस्टनमधल्या एका मोठ्या लॉ फर्मवरची ही अमेरिकन टीव्ही मालिका (२००४-२००८). ॲलन शोअर तिथला भाषणं गाजवणारा वकील, डेनी क्रेन फर्मचा म्हातारा भागीदार आणि त्याचा मित्र, दिवस संपला की दोघे बाल्कनीत गप्पा मारतात. त्यापुढचं इथे उगाळत नाही. "नाही, असा नसतो" म्हटलं की "मग बघता कशाला?" येतं. "थोडाफार असतो" म्हटलं की लोक हसतात. दोन्ही उत्तरं देऊन झाली. आता एकदा नीट सांगते.

ज्या चुका सगळेच दाखवतात त्या आधी उरकू. ४०-४२ मिनिटांचा भाग, त्यात दोन-तीन प्रकरणं, आणि दावा दाखल झाल्यापासून निकालापर्यंत सगळं आठवड्याभरात. अमेरिकेतला खरा दिवाणी दावा म्हणजे आधी तक्रार, मग उत्तर, मग डिस्कव्हरी. डिस्कव्हरी म्हणजे एकमेकांकडून कागद मागवायचे, लेखी प्रश्नांना लेखी उत्तरं द्यायची, साक्षीदारांच्या कोर्टाबाहेर शपथेवर जबान्या घ्यायच्या आणि त्यांची पानंच्या पानं वाचायची. यात महिने जातात, वर्षंही जातात, आणि शेवटी बहुतेक दाव्यांत तडजोड होते, ज्युरी बसतच नाही. मालिकेचा कर्ता डेव्हिड ई. केली स्वतः बॉस्टनमध्ये वकिली करून टीव्हीकडे वळलेला माणूस. त्याला हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? नाटकात पात्रं जेवायला बसतात तेव्हा आधी कुकरच्या तीन शिट्ट्या ऐकवत नाहीत. यावरून मालिकेला झोडपणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

माझी तक्रार आहे ती खटल्याच्या शेवटी वकील ज्युरीपुढे करतो त्या भाषणाबद्दल, ज्याला अमेरिकेत क्लोजिंग म्हणतात.

अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या देशव्यापी संघटनेचे नमुना आचारनियम आहेत, बहुतेक राज्यांचे नियम त्यांवरच बेतलेले. त्यातल्या ३.४ नियमाचं पोटकलम ई सांगतं की खटल्यात वकिलाने पुराव्याचा आधार नसलेल्या गोष्टीचा उल्लेख करायचा नाही, वादातल्या घटनेची आपल्याला जातीने माहिती असल्यासारखं बोलायचं नाही, आणि आपली बाजू न्याय्य आहे किंवा साक्षीदार खोटारडा आहे असं स्वतःचं मत द्यायचं नाही. आता ॲलनचं कुठलंही गाजलेलं भाषण लावा आणि वहीत दोन रकाने आखा. साक्षीपुराव्याला धरून असलेलं वाक्य डावीकडे. त्याचं मत, देशाची अवस्था, टोमणा, विनोद उजवीकडे. उजवा रकाना पानाच्या तळाशी पोचतो तेव्हा डावीकडे दोन-चार ओळी असतात. मग आवाज बंद करून तेच पुन्हा बघा आणि कॅमेरा किती वेळ अशिलावर थांबतो ते मोजा. त्या भाषणात वकिलाला स्वतःचं अशील किती लागतं, ते लगेच कळतं.

दुसऱ्या सीझनमधलं कराचं प्रकरण घ्या, 'स्टिक इट' नावाच्या भागातलं. ॲलनची सेक्रेटरी मेलिसा सरकारचा निषेध म्हणून कर भरत नाही आणि तिच्यावर खटला होतो. भाषण जबरदस्त आहे. इराकची न सापडलेली शस्त्रं, छळ, फोनवरची पाळत, आणि एवढं होऊनही शांत बसलेली जनता. लोक त्याच्या क्लिप अजून पाठवतात. निकाल बाजूला ठेवा आणि बचाव म्हणून त्याच्याकडे बघा. करचुकवेगिरीच्या फौजदारी खटल्यात सरकारला सिद्ध करावं लागतं की आरोपीने जाणूनबुजून कर टाळला. १९९१ च्या चीक खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फरक स्पष्ट केला. 'मला कर लागू होतो हेच मला कळलं नव्हतं' असा प्रामाणिक गैरसमज असेल, तो कितीही वेडगळ असो, तर तो बचाव होऊ शकतो. 'मला कळत होतं, पण कायदा मला मान्य नाही' हा बचाव होत नाही. म्हणजे ॲलन जितकं सुंदर बोलतो तितकं तो स्वतःच्या अशिलाचं 'जाणूनबुजून' सिद्ध करत जातो. सरकारी वकिलाने खाली बसून नुसतं ऐकावं!

"मग आपल्याकडे अशी भाषणं का होत नाहीत?" हा जोडप्रश्न. आपल्याकडे ऐकायला ज्युरी नाही. १९५९ च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या ज्युरीने ८ विरुद्ध १ अशा मताने निर्दोष म्हटलं, सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही आणि त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पुढे ज्युरी मावळत गेली. आता समोर एकटे न्यायाधीश, त्यांच्या टेबलावर त्या दिवसाचा बोर्ड म्हणजे प्रकरणांची यादी, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १८ रूल २ प्रमाणे लेखी युक्तिवाद देण्याची सोय. सरतपास (आपल्या साक्षीदाराची आपण घेतलेली साक्ष) आणि उलटतपास नीट झालेला असला तर युक्तिवादाला फार काही उरत नाही, आणि बिघडलेला असला तर युक्तिवादाने तो सावरत नाही. ॲलन बोलत असताना मला सगळ्यात आधी हा प्रश्न पडतो की याने उलटतपासात नेमकं मिळवलं काय?

आता टेक्सास. पहिल्या सीझनचा शेवटचा भाग, मार्च २००५. यावर मी स्वतःशीच सगळ्यात जास्त भांडले आहे.

ॲलन आणि फर्ममधली तरुण वकील चेलिना हॉल मृत्युदंडाच्या एका कैद्यासाठी टेक्सासला जातात. कैदी कृष्णवर्णीय, बुद्ध्यांक कमी, दिलेला कबुलीजबाब संशयास्पद. ॲलन वरिष्ठ फौजदारी कोर्टापुढे उभा राहतो, न्यायाधीश त्याला अडवतात, डिवचतात, आणि तो उलट त्या कोर्टालाच सुनावतो. अर्ज फेटाळला जातो. माणूस मरतो, आणि दोघे काचेपलीकडून ते बघतात. त्या रात्रीपुरता मालिकेतला विनोद थांबतो.

माझं पूर्वीचं म्हणणं असं की या एका भागाने केलीने सगळं फेडलं. जे भाषण बॉस्टनच्या ज्युरीपुढे चालतं ते इथे चालत नाही, तोंडाच्या जोरावर चालणारा वकील इथे उघडा पडतो आणि त्याची किंमत अशील मोजतं. असं मी बऱ्याच जणांना ठासून सांगितलंय.

मग प्रक्रिया बघा. बाहेरच्या राज्यातल्या वकिलाला तिथे उभं राहायचं तर कोर्टाची परवानगी काढावी लागते आणि सोबत स्थानिक वकील घ्यावा लागतो. शेवटच्या घटकेला केलेला अर्ज हा बहुधा दुसरा किंवा तिसरा हेबियस अर्ज असतो, म्हणजे शिक्षा बेकायदा आहे असं सांगून कैद्याने केलेला अर्ज. त्याला टेक्सास फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ११.०७१ चं पोटकलम ५ आडवं येतं. आधीच्या अर्जाच्या वेळी हाताशी नसलेली वस्तुस्थिती किंवा कायदा दाखवा, नाहीतर साधारणपणे कोर्ट गुणदोषांत शिरतच नाही. बुद्ध्यांकाचा मुद्दा तेव्हा जिवंत होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या ॲटकिन्स निकालाने बौद्धिक अक्षमता असलेल्यांना मृत्युदंड देणं घटनाबाह्य ठरवलं, पण अक्षमता मोजायची कशी हे राज्यांवर सोडलं. टेक्सासच्या कोर्टाने २००४ मध्ये ब्रिसेन्यो खटल्यात स्वतःच्या कसोट्या केल्या, आणि त्या मोडायला २०१७ चा मूर निकाल यावा लागला. म्हणजे २००५ मध्ये त्या कैद्याच्या वकिलाचं काम होतं शाळेचे जुने दाखले शोधणं, वय अठरा होण्याआधीच्या चाचण्या मिळवणं, शिक्षकांची आणि नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं करणं, मानसतज्ज्ञाचा अहवाल जोडणं. त्याच वेळी दुसरीकडे दयेचा अर्ज, कारण तिथला गव्हर्नर दयेचे अर्ज पाहणाऱ्या बोर्डाच्या शिफारशीशिवाय जास्तीत जास्त एकदा ३० दिवसांची स्थगिती देऊ शकतो. आणि अशा अर्जांचा निकाल बहुतेक वेळा कागदांवरच लागतो. बोलायला कुणी बोलावत नाही.

या भागानंतर अडीच वर्षांनी, २५ सप्टेंबर २००७ ला, त्याच कोर्टात खरोखर काय झालं ते बघा. त्या सकाळी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विषारी इंजेक्शनच्या पद्धतीला आव्हान देणारं केंटकीचं प्रकरण सुनावणीला घेतलं. टेक्सासमध्ये त्याच संध्याकाळी मायकेल रिचर्ड या कैद्याचा मृत्युदंड ठरलेला. त्याच्या वकिलांना त्या धाग्यावर स्थगिती मागायची होती. अर्ज तयार व्हायला वेळ लागला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कॉम्प्युटर बिघडले होते. ईमेलने अर्ज घेण्याची सोय तेव्हा त्या कोर्टात नव्हती. कोर्ट पाचनंतर थोडा वेळ उघडं ठेवा, अशी विचारणा झाली. मुख्य न्यायाधीश शॅरन केलर यांचं उत्तर आलं की कार्यालय पाचला बंद होतं. त्याच रात्री रिचर्डचा मृत्युदंड अमलात आला. पुढे केलर यांची चौकशी झाली. चौकशी करणाऱ्या न्यायाधीशांनी त्यांचं वागणं आदर्श म्हटलं नाही, पण दोषाचा मोठा वाटा वकिलांच्या पदरात घातला. आधी तयारी करता आली असती, थेट एखाद्या न्यायाधीशाकडे जाता आलं असतं. २०१० मध्ये केलर यांना जाहीर ताकीद मिळाली आणि त्याच वर्षी ती रद्दही झाली.

खऱ्या प्रकरणात भाषण कुठेच नाही. प्रिंटर आहे, घड्याळ आहे आणि पाचला बंद होणारी खिडकी आहे. हे नीट वाचल्यावर माझं मत उलटलं. मग मी म्हणायला लागले की टेक्सासचा भागही लबाडच आहे. ॲलन हरतो, पण भाषण करून हरतो, आणि कॅमेरा शेवटी अश्रू त्याचे दाखवतो. त्या वकिलाचं अपयश बोलण्यात नव्हतं, कागद वेळेत न पोचण्यात असायला हवं होतं.

हेही आता पूर्ण पटत नाही. मला प्रश्न विचारणाऱ्यांपैकी कितीजणांना टेक्सासमध्ये काय चालतं हे त्या भागाआधी माहीत होतं? आणि अडकलेल्या प्रिंटरवर ४२ मिनिटं कोण काढेल? मीसुद्धा काढणार नाही.

एक गोष्ट मात्र मालिकेने अचूक पकडली आहे, आणि तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. डेनी क्रेन. लोक त्याला विदूषक समजतात. आजाराचं नाव अल्झायमर, तो म्हणतो 'मॅड काऊ'. फर्ममध्ये सगळ्यांना कळतंय की याची स्मृती चालली, तरी दारावरचं पहिलं नाव त्याचं, मोठी अशिलं त्याच्या नावाला येतात. अमेरिकन बार असोसिएशनने जून २००३ मध्ये, म्हणजे मालिका सुरू व्हायच्या सव्वा वर्ष आधी, नेमका यावर अभिप्राय दिला होता, क्रमांक ०३-४२९. मनाने खचलेल्या किंवा स्मृती गेलेल्या वकिलालाही सक्षमतेचे तेच नियम लागू. भागीदारांनी त्याच्यावर देखरेख ठेवावी, काम कमी करावं, अशिलाचं नुकसान होऊ देऊ नये, आणि गंभीर नियमभंग झाला तर बारला, म्हणजे वकिलांवर कारवाई करणाऱ्या संस्थेला, कळवावं. फर्मचे दुसरे दोन वरिष्ठ भागीदार, शर्ली आणि पॉल, यातलं पहिलं अर्धं करतात आणि दुसरं पुढे ढकलत राहतात. त्यांच्या चेहऱ्यावरची ती चालढकल अगदी खरी आहे. तालुक्याच्या कोर्टातही पाटी म्हाताऱ्या वकीलसाहेबांची, वकीलपत्रावर सही त्यांची, आणि मागे उभा राहून तारीख, कलम, अशिलाचं नाव पुटपुटणारा ज्युनियर, हे दृश्य काही नवीन नाही. साहेबांना थांबा म्हणायचं कुणी?

(लोरी, तारा, चेलिना या तरुण वकील मालिकेतून एकामागोमाग एक गळत गेल्या, काहींचा तर निरोपही झाला नाही. लेखकांचा निष्काळजीपणाच तो. पण मोठ्या फर्ममधून मुली कशा गळतात याचं इतकं बरोबर चित्र त्यांनी ठरवून काढलं नसतं.)

शेवटच्या भागात, डिसेंबर २००८ मध्ये, डेनीसाठी मंजुरी न मिळालेलं औषध मिळावं म्हणून ॲलन सर्वोच्च न्यायालयात जातो. औषधाचं नाव डायमेबॉन, ते खरंच चाचणीत होतं. प्रयोगातली औषधं मिळण्याचा मूलभूत हक्क नाही, असा निकाल वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने २००७ मध्ये दिला होता आणि जानेवारी २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकायलाच नकार दिला होता. वहीतला डावा रकाना इथेही जवळपास रिकामाच राहतो. तरी हे एक भाषण मी फास्ट-फॉरवर्ड करत नाही, कारण इथे अशील शेजारी बसलंय आणि ॲलनला त्याचं नाव, सवयी, भीती सगळं माहीत आहे. मार्च २०१० मध्ये डायमेबॉनच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपेक्षा औषध घेणाऱ्यांना काहीही जास्त फायदा झालेला नव्हता.