चित्रीकरणाचा बारावा दिवस

मी लंडनमध्ये काय काम करते, हे आईला सांगताना एकच वाक्य पुरतं: आम्ही चित्रपटाला जामीन राहतो. स्वतंत्र निर्मात्याला बँक कर्ज देते ती वितरकाच्या कराराकडे बघून; आणि वितरक पैसे सोडतो तो पुरा झालेला चित्रपट ठरल्या तारखेला हातात पडल्यावरच. मधे काही बिघडलं तर भार आमच्यावर. खर्च वाढला तर वरचे पैसे आम्ही घालायचे, काम बंदच पडलं तर गुंतवणूकदारांचे पैसे परत करायचे. फी बजेटच्या दोन-तीन टक्के. लंडनमध्ये हा व्यवसाय १९५० पासून चालतो. चित्रपट चांगला होईल याची हमी मात्र त्यात नसते.

त्या दिवशी मी यॉर्कशरच्या माळरानावर होते. बजेट तीस लाख पौंड, शिवाय अडीनडीसाठी दहा टक्के, म्हणजे तीन लाख वेगळे. पटकथा ९६ पानांची, चित्रीकरण तीस दिवसांचं. अकरा दिवसांत पस्तीस पानं व्हायला हवी होती, झाली होती चोवीस. साडेतीन दिवसांची पिछाडी, आणि दिवसाचा खर्च पंचेचाळीस हजार.

तरी साप्ताहिक हिशेबात राखीव रकमेतले साठ हजारच गेलेले दिसत होते. मला ते पटेना. हिशेबनिसाकडून ऑर्डरची फाइल मागून घेतली आणि एकेक कागद उलटत गेले. जादा जनरेटर, दोनदा मागवलेली क्रेन, रात्रीचे ओव्हरटाइम. सत्तर हजार! "बिलं अजून आली नाहीत, म्हणून धरले नाहीत," तो पोरगा म्हणाला. लबाडी नव्हती, पण ज्या दिवशी ऑर्डर दिली त्याच दिवशी खर्च झाला, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. गेलेले साठ हजार, हे सत्तर हजार आणि पिछाडीच्या साडेतीन दिवसांचा खर्च, अशी बेरीज केली. तीन लाखांतले साडेबारा हजार उरत होते, आणि एकोणीस दिवस बाकी.

करारानुसार आम्ही निर्मिती ताब्यात घेऊ शकतो, दिग्दर्शकही बदलू शकतो. मला ते नको होतं. माझ्या मामांनी कोल्हापुरात एका मराठी चित्रपटात पैसे घातले होते. तो अर्धा होऊन डब्यात गेला, आणि त्यापायी मामांनी शेत विकलं. त्या चित्रपटाला कुणीच जामीन नव्हतं. इथे गुंतवणूकदारांत एक निवृत्त दंतवैद्य बाई होत्या. त्यांची सही बघितली की मला मामा आठवायचे.

जेवणाच्या सुट्टीत दिग्दर्शिकेसमोर आकडे ठेवले. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने पटकथेतली जत्रेची सहा पानं काढली. दोन रात्री, ऐंशी माणसांची गर्दी, तिचा सगळ्यात लाडका प्रसंग. "हे स्वयंपाकघरात होईल," ती म्हणाली. "जत्रा फक्त खिडकीतून ऐकू येईल." पेन्सिलने रेघ मारताना तिचा हात थरथरला, आणि माझ्याही पोटात कालवलं. शाळेचा प्रसंगही तिने त्याच घरात आणला, म्हणजे सगळा लवाजमा हलवायचा एक दिवस वाचला.

रात्री साडेनऊला दिवसाचा अहवाल आला. आमच्याकडे पान आठ भागांत मोजतात. ठरलेली: तीन पानं, तीन अष्टमांश. झालेली: तीन पानं, तीन अष्टमांश. पहिल्या दिवसापासून हे दोन आकडे जुळण्याची ही पहिलीच वेळ होती.

चित्रपट वितरकाकडे मुदतीच्या सहा दिवस आधी पोचला, आणि बँकेचं कर्ज फिटलं.