गाईड कशाला, वाट तर दिसतेच की

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, कारण जपानच्या कुमानो कोदोचे, म्हणजे तिथल्या डोंगरातल्या जुन्या यात्रेच्या पायवाटेचे, फोटो टाकले की हा प्रश्न येतोच, वारीला कुणी गाईड घेतं का, मग तिथे पायी चालायला पैसे कशाला? बरोबर आहे. वाटेसाठी गाईड अजिबात नको. ताकिजिरीपासून होंगूच्या देवळापर्यंत साधारण ३८ किलोमीटर, दर ५०० मीटरला नंबरचा खांब, आणि चुकीचा फाटा फुटतो तिथे चक्क 'नॉट कुमानो कोदो' अशी पाटी, हरवायचं म्हटलं तरी जमत नाही. (पहिला चढ मात्र जीव काढतो, आधी चार-पाच वेळा सिंहगड करा.)

गाईड लागतो तो संध्याकाळी, मुक्कामाला.

पहिल्यांदा मी एकटीच गेले. मिन्शुकूत उतरले, म्हणजे गावातलं राहतं घर, त्यातल्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांना. घरच्या आजींनी टॉवेल दिला, न्हाणीकडे बोट दाखवलं. मी मस्त कढत टबात डुंबले आणि निघताना आपले संस्कार, दुसऱ्याला आपलं उष्टं पाणी कशाला, म्हणून बूच काढून टब रिकामा केला. तिथे आधी बाहेर साबण लावून स्वच्छ व्हायचं आणि टबात नुसतं शेकत बसायचं असतं, तेच पाणी सगळ्या घराला! माझ्यामागे चार पाहुणे, शेवटी आजी-आजोबा. आजी एक शब्द बोलल्या नाहीत, नळ सोडून तिथेच उकिडव्या बसून राहिल्या, ते मला अजून दिसतं.

जेवणाचं तसंच. 'मासे नको' सांगितलं की ताटातला मासा जातो, सूप तेच राहतं, कारण त्यात मासा दिसतच नाही, वाळवलेल्या माशाच्या किसाचं पाणी असतं ते. दुसऱ्या खेपेला गाईड बाईंनी आधीच फोन करून समुद्री शेवाळाचं पाणी वापरायला सांगितलं, आणि दुपारच्या डब्यात मेहारी-झुशी, मोहरीच्या जातीच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेला भाताचा गोळा, डोंगरात बसून खाल्ला, अहाहा. बॅगा गाडीने पुढच्या घरी जातात, ते पैसे तर डोळे मिटून द्या.

त्या खेपेला त्याच आजींकडे उतरलो. टबाच्या वर प्लास्टिकमध्ये घातलेला कागद चिकटवलेला, बुचाचं चित्र आणि त्यावर लाल फुली. गाईड बाई म्हणाल्या, हे नवीन दिसतंय. मी गप्प.