कढीपत्ता रुसला

यंदा एप्रिल-मे लेकाकडं अमेरिकेत सॅन डिएगोला राहून आले. जाताना वाटलेलं समुद्र बघत बसू, पण समुद्र चार दिवसांत बघून झाला आणि मग मी लागले झाडांच्या मागं. सकाळी फिरायला निघायचं न् दर कुंपणाशी थांबायचं, सून हळूच म्हणायची, आई चला, लोक बघतायत.

हवा म्हणजे काय सांगू, पंखा नको, कानटोपी नको. मे महिन्यात दुपारपर्यंत आभाळ भरलेलं, आता वळीव येतोय, वाळवण उचला असं वाटावं, आणि थेंब पडत नाही. समुद्रावरचे ढग, नुसते येऊन बसतात. वर्षाचा पाऊसच अडीचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बहुतेक थंडीत. आपलं महाबळेश्वर जुलैत मनावर घेतं तेव्हा तेवढा एका दिवसात ओततं.

एका नर्सरीत बघते तर कुंडीत घायपात, विकायला! आमच्या माहेरी बांधावर जनावरं शिरू नयेत म्हणून लावायचे ते, फुकट दिलं तरी कुणी घरात आणणार नाही. मी हसायला लागले तर लेक म्हणतो, आई, ते मूळचं इकडचंच, मेक्सिकोकडचं, तुमच्या बांधावर ते पाहुणं आलंय. बसले गप्प.

१ मेला बहिणीनं गुलमोहराचे फोटो पाठवले. साताऱ्यात त्या दिवशी गुलमोहर दिवस असतो, कवी-चित्रकार झाडाखाली जमतात, आणि तो गुलमोहर तरी कुठला, मादागास्करचा. फोटो बघून जरा गलबललं, पण नंतरच्या आठवड्यात लेकाच्या गल्लीत जॅकरांडा फुलला, आपण नीलमोहर म्हणतो तो. फांद्यांवर पान दिसेना, सगळी गल्ली जांभळी. लेकाचं आपलं एकच, गाडीवर चिकट फुलं पडतात. जॅकरांडाही मूळचा दक्षिण अमेरिकेतला. केट सेशन्स नावाच्या बाईनं तो तिथं लोकप्रिय केला म्हणे. १८९२ मध्ये तिनं शहराच्या बागेत नर्सरीसाठी ३० एकर जागा घेतली, आणि बदल्यात काय, तर बागेत वर्षाला १०० झाडं लावायची न् गावासाठी आणखी ३०० द्यायची. मला ही बाई फार आवडली. आपल्याकडं रोप एक न् फोटोत हात सात.

पण खरी गंमत कढीपत्त्याची. लेकानं हौसेनं कुंडीत लावलाय, दोन वर्षं झाली, वीतभर. त्याला ऊब लागते आणि समुद्राकाठी गारवा, बसलाय रुसून. शिवाय तो लिंबाच्या कुळातला, त्याच्यावरच्या एका किडीनं संत्र्या-लिंबांना रोग लागतो म्हणून कीड सापडलेल्या भागातून रोप बाहेर न्यायला बंदी! कढीपत्त्याला बंदी, सांगा आता. मी कुंडी भिंतीकडं सरकवली, ऊन लागेल अशी, आणि पाणी कमी कर म्हणून बजावलं.

परवा व्हिडिओ कॉलवर लेकानं कॅमेरा कुंडीवर धरला, दोन कोवळे तुरे आलेत. म्हणाला, आमटीत टाकू का? म्हणलं हात लावशील तर बघ. आणि इकडं आमच्या परसात बुलबुलांनी बिया टाकून कढीपत्त्याचं रान केलंय, उपटायला उद्या मावशींना बोलावलंय.