आधी गाडी खोलायची, मग पुस्तक लिहायचे

हौशी मोटारप्रेमींसाठी आयुष्यभर पुस्तके काढणाऱ्या जॉन हेन्स यांचा जन्म १९३८ साली सिलोनमधल्या चहाच्या मळ्यावर झाला. पुढे इंग्लंडमध्ये शाळेत असतानाच त्यांनी जुन्या ऑस्टिन सेव्हनपासून स्वतः छोटी मोटार बांधली आणि ती बांधायची कशी, हे सांगणारी पुस्तिका १९५६ साली काढली. तिच्या २५० प्रती दहा दिवसांत संपल्या. १९६० साली त्यांनी प्रकाशनसंस्था स्थापन केली.

खरी दिशा मात्र अरबस्तानातल्या एडन बंदरात सापडली. ब्रिटिश हवाई दलात असताना तेथे एका सहकाऱ्याची मोडकळीस आलेली ऑस्टिन-हीली स्प्राइट दुरुस्त करायची होती आणि कारखान्याचे माहितीपुस्तक सामान्य मालकाच्या काहीच कामाचे नव्हते. तेव्हा हेन्स यांनी गाडी पूर्ण खोलून पुन्हा जोडली, प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढले आणि १९६६ साली त्यातून पहिले दुरुस्तीपुस्तक निघाले. पुढे सॉमरसेटमधल्या स्पार्कफर्ड गावातून हीच पद्धत चालली. शक्यतो घरातल्याच पान्यांनी काम व्हावे, असा आग्रह असे. कामाच्या शेजारी पान्याची एक ते पाच चित्रे छापून ते किती अवघड आहे, हेही आधीच सांगितलेले असे. वाचकाचा एवढा विचार करणारे तांत्रिक लेखन मी फार थोडे पाहिले आहे.

जगभरात वीस कोटींहून अधिक प्रती खपल्या. २०१९ साली हेन्स गेले आणि पुढच्याच वर्षी संस्था एका फ्रेंच कंपनीकडे गेली. नव्या गाड्यांची छापील दुरुस्तीपुस्तके काढणेही थांबले.

आपल्या पुण्यात आकुर्डीच्या बजाज कारखान्याची चेतक स्कूटर घरोघरी होती. तिचा मूळ आराखडा व्हेस्पाचा असल्यामुळे हेन्स यांचे व्हेस्पावरचे पुस्तक आमच्या चेतकलाही बरेचसे लागू पडते. इंजिनाचे हेड, म्हणजे वरचे झाकण, खोलून आत साचलेला कार्बन कसा काढावा, हे मी त्यातल्याच छायाचित्रांवरून शिकलो. पण चेतकमधले बारकावे नाना पेठेतल्या मिस्त्रींच्या हातात आहेत आणि ते कोठेही लिहिलेले नाहीत. म्हणून आमच्या मिस्त्रीकाकांच्या परवानगीने मी त्यांचे काम पायरीपायरीने टिपून ठेवू लागलो आहे: ते नट सैल करतात, हात बाजूला घेतात, मी फोटो काढतो आणि शेजारी पान्याचा नंबर लिहितो. हेड आणि कार्बोरेटर झाले आहेत. आता क्लच घेणार आहोत.