खिशातला कांदा

मे महिन्यात नागपुरात दुपारी घराबाहेर पडायचं म्हणजे डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा. कांद्याने ऊन लागत नाही यावर माझा विश्वास नाही, आईचा आहे, त्यामुळे प्रश्न मिटला. "तसाच निघून राहिला का रे? कांदा कुठाय?" हे सगळं दारातच. एकदा मी धरमपेठेच्या रस्त्याला लागलो की मागे तिने घरात पोतंभर कांदे ओतले तरी माझ्या खिशात एक येत नाही.

इतकी साधी गोष्ट, पण गेल्या रविवारी कूलरसमोर कॉम्प्युटर घेऊन बसून मी तिच्यात अख्खी दुपार घालवली.

माझ्या डेबियनवर, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकारावर, आय-थ्री हा विंडो मॅनेजर (खिडक्या मांडणारा प्रोग्राम) आहे. मराठी टायपिंगसाठी आयबस हा प्रोग्राम, आणि त्याला लागणारी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, म्हणजे प्रोग्रामला निघताना खिशात मिळणारी सेटिंग्ज, मी .बॅशआरसी या फाइलमध्ये एक्स्पोर्ट केलेली. टर्मिनलमधून (कमांड टाइप करायच्या खिडकीतून) एडिटर उघडला की झकास मराठी. तोच एडिटर डीमेन्यूतून, म्हणजे आय-थ्रीतल्या प्रोग्राम उघडायच्या मेन्यूतून, उघडला की 'ळ' च्या जागी कॅपिटल एन!

आधी आयबसला शिव्या घातल्या. मग आय-थ्री रीस्टार्ट केला. काही फरक नाही, कारण तो जागच्या जागी कात टाकतो, खिसे जुनेच ठेवतो. शेवटी प्रॉकमध्ये, म्हणजे चालू प्रोग्रामांची माहिती असते तिथे, जाऊन आय-थ्रीच्या नंबरच्या फोल्डरमधली एन्व्हायरन फाइल वाचली. निघताना कोणाच्या खिशात काय होतं, ते तिथे लिहिलेलं असतं. आयबसचं नावसुद्धा नव्हतं.

असणार कुठून? .बॅशआरसी वाचतो तो टर्मिनलमधला बॅश, कमांड चालवणारा प्रोग्राम. आय-थ्री त्याच्या कितीतरी आधी, लॉगिनच्या पडद्यामागून, दुसऱ्याच दाराने बाहेर पडलेला. डीमेन्यू त्याचं पोर, एडिटर त्याच्याही खालचा. वरच्याकडे जे नाही ते खाली कसं उतरणार? लिनक्सच्या पूर्वज युनिक्समध्ये १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून हीच रीत आहे: जन्मताना आईबापाच्या व्हेरिएबल्सची नक्कल मिळते. पुढे पोराने त्यात काही बदललं तरी ते वर पोचत नाही. (आमच्याकडेही पोचत नाही.)

त्या ओळी माझ्या होम फोल्डरमधल्या .एक्ससेशनआरसी या फाइलमध्ये हलवल्या. डेबियन ती फाइल विंडो मॅनेजर उठवायच्या आधी वाचतो. मग जिवावर येऊन लॉगआउट केलं, कारण अकरा खिडक्या उघड्या होत्या.

परत लॉगिन, डीमेन्यू, एडिटर. 'ळ' उमटला. तोवर कूलरचं पाणी संपून पंप कोरडा घरघरत होता.