दुर्बीण त्यांची, डेटा सगळ्यांचा

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात कुणी ना कुणी हमखास विचारतं, 'एवढे कोट्यवधी खर्चून मिळवलेला डेटा हे शास्त्रज्ञ फुकट का वाटतात? आणि तो घेऊन दुसरा करणार काय?' तुम्हीही विचारलंत म्हणून लिहितो.

फुकट का, तर पैसा बहुतेक वेळा जनतेचाच असतो. शिवाय निरीक्षण करणाऱ्याला आधी मुदत मिळते. पुण्याजवळच्या आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर ती 18 महिन्यांची आहे. त्यानंतर डेटा कुणीही मागावा. तेवढ्यात शोधनिबंध झाला नाही म्हणून कुणी कुरकुरलं, तर मला काही फारसं वाईट वाटत नाही.

दुसरा काय करतो, ते याच जीएमआरटीने दाखवलं. 2010 ते 2012 या काळात तिथून 150 मेगाहर्ट्झ या रेडिओ वारंवारतेवर टीजीएसएस हे आकाशाचं सर्वेक्षण झालं. मूळ गटाने त्यातला काही भाग प्रसिद्ध केला. बाकीचा संग्रहात होता. इन्टेमा हे खगोलशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो उचलला, आयनावरणामुळे (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे) होणारी गडबड काढणाऱ्या पद्धतीने सगळा पुन्हा चाळला आणि 2017 मध्ये जवळपास 90 टक्के आकाशाचा नकाशा आणि सहा लाखांवर रेडिओस्रोतांची यादी छापली. यातल्या कुणी त्यासाठी नव्याने दुर्बीण वळवली नव्हती.

डेटा खुला करणं त्या मानाने सोपं. तो परक्या माणसाला वापरता येणं, ही खरी मारामारी. 1981 साली मांडलेली फिट्स फाइल, म्हणजे खगोलशास्त्रातला डेटा साठवायची ठरलेली मांडणी, आजही चालते ती याचमुळे. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा: वर 80-80 अक्षरांच्या नोंदी, एकीला लागून एक, जुन्या संगणकांच्या पंचकार्डाच्या मापाच्या. दुर्बीण कोणती, तारीख काय, प्रतिमा आकाशात कुठली, एकक कोणतं, सगळं तिथेच. फाइल 2880 बाइटांच्या ठोकळ्यांत असते. त्या काळी कुठल्या संगणकाचा शब्द (तो एका वेळी हाताळतो तो बिटांचा गट) 24 बिटांचा, कुठल्याचा 36, कुठल्याचा 60. 2880 बाइट म्हणजे 23,040 बिट, त्यांना या सगळ्यांनी नि:शेष भाग जातो! एकदा वैध ठरलेली फाइल पुढेही वैधच, हाही नियम. वर्ष दोन आकड्यांत लिहायचे, ते 1997 मध्ये चार आकडी केलं, तरी जुन्या फाइली बाद झाल्या नाहीत.

तक्त्यांचा घोळ वेगळा. एकाच्या रकान्यात विषुवांश (ताऱ्याचं आकाशातलं पूर्व-पश्चिम स्थान) तासांत, दुसऱ्याच्या अंशांत. रकान्यात नेमकं काय आहे ते प्रोग्रॅमला कळावं म्हणून 2002 नंतर आंतरराष्ट्रीय आभासी वेधशाळा संघटनेने खुणा ठरवल्या. पुण्यात आयुका ही खगोलशास्त्र संस्था आणि पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी यांनी मिळून केलेलं व्हीओप्लॉट हे तक्त्यांचे आलेख काढणारं सॉफ्टवेअर याच खटाटोपातलं.

सगळं सुरळीत आहे असं नाही. जीएमआरटीचा कच्चा डेटा त्याच्या स्वतःच्या एलटीए मांडणीत असतो. फिट्समध्ये आणायला आधी लिस्टस्कॅन, मग जीव्हीफिट्स हे प्रोग्रॅम चालवा. नवख्याचा उत्साह इथेच मावळतो. त्याने सरळ ब्राउझरमध्ये अलादिन हा आकाशाचा नकाशा उघडावा, 'हर्क्युलिस ए' ही दीर्घिका शोधावी आणि साध्या प्रकाशातल्या छायाचित्रावर टीजीएसएसचा थर चढवावा. तिच्या दोन्ही बाजूंना पसरलेले रेडिओ फुगारे छायाचित्रात कुठेच नाहीत, हे तेव्हा कळतं. खाते उघडायला नको, परवानगी नको.